शाळेसाठी केलेला अर्ज : एका उपेक्षित गद्यप्रकाराचा विचार

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण बखरी, ऐतिहासिक पत्रे आणि कैफियती यांना मानाचे स्थान देतो. हे लेखन ज्यांनी केले त्यांच्या मनात वाङ्मय निर्माण करण्याचा हेतू नव्हता. ते दप्तरी कामकाज होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास आरंभ केला आणि त्यानंतर हळूहळू या कागदांतील भाषेचे सामर्थ्यही अभ्यासकांच्या नजरेस आले. कागदावर दोनशे वर्षांची धूळ बसली म्हणजे त्याला वाङ्मयाची कळा चढते, असा आपला एक अलिखित संकेत आहे. त्यामुळे अठराव्या शतकातील गावकऱ्यांनी वसुलीच्या जाचाविरुद्ध केलेला अर्ज आपण संशोधनाचा विषय मानतो. आणि आजच्या गावकऱ्यांनी आपल्या शाळेच्या रक्षणासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलेला अर्ज मात्र रद्दीत जाऊ देतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कागदाचा, गद्यप्रकार या दृष्टीने, विचार करावयाचा आहे. तो करताना एक गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे : बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री.

हेच गाव का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. उंद्री हे कोणत्याही गाजलेल्या आंदोलनाचे स्थान आहे म्हणून ते निवडलेले नाही. ते चिखली-खामगाव या रहदारीच्या वाटेवरील गाव आहे; त्याच्या आसपास रस्त्यापासून आत असलेली लहान गावे आहेत; आणि शाळांच्या एकत्रीकरणाची कोणतीही योजना नकाशावर आखावयास घेतली, तर मध्यवर्ती शाळेसाठी बोट प्रथम अशाच सडकेवरच्या गावावर पडते. म्हणजे ज्या प्रश्नावर एखादे आडवळणाचे खेडे अर्ज लिहील, त्याच प्रश्नावर उंद्रीसारख्या गावाला स्वस्थ बसण्याची सोय आहे. या विसंवादाकडे पुढे परत यावयाचे आहे. जाता जाता एवढेच नमूद करतो की, पुण्याच्या दक्षिणेस याच नावाचे दुसरे एक गाव आहे, ते आता महानगरात मिसळून गेले आहे आणि खाजगी इंग्रजी शाळांसाठी ओळखले जाते. एकाच नावाच्या दोन गावांत शाळा या शब्दाचे अर्थ किती भिन्न व्हावेत, हे पाहून मन थोडे खिन्न होते.

अर्जाचा पत्ता हा त्याच्या रचनेतील पहिला घटक. उंद्रीच्या बाबतीत तो पत्ता वारंवार बदलत गेला आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांतास जोडले गेले. १९४८ च्या कायद्याने मध्य प्रांत व वऱ्हाडात जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समिती यांचा कारभार सुरू होऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. इतक्या वेळा मालक बदलले, तरी अर्जाचा साचा फारसा बदलला नाही. प्रति, विषय, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, सविनय सादर करण्यात येते की. शेवटी, अन्यथा आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील. हा साचा ज्याने खेड्यातील एखादा तरी अर्ज वाचला आहे त्याच्या परिचयाचा आहे. त्याच्या दोन टोकांतील विसंगती मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. आरंभी अत्यंत नम्र असलेला अर्जदार शेवटच्या एका वाक्यात एकाएकी धमकीच्या भाषेवर येतो. मध्ये कोठेही तो आपला हक्क सांगत नाही. विनंती आणि इशारा या दोहोंच्या मधली जी जागा, ती मागणीची जागा. आणि तीच रिकामी राहते.

ही जागा भरलेली पाहावयाची असेल तर १८८२ मध्ये मागे जावे लागते. त्या वर्षी १९ ऑक्टोबर रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगास जे निवेदन सादर केले, ते शाळेच्या पैशासंबंधी एका नागरिकाने केलेल्या अर्जांतील अव्वल दर्जाचे लेखन आहे. ते इंग्रजीत आहे, या सबबीवर मराठी गद्याच्या चर्चेतून ते वगळण्याची प्रथा आहे. परंतु त्याची विचाररचना ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या लेखकाचीच आहे, आणि तो ग्रंथ त्यांनी लगोलग पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, पुरा केला. ज्या आयोगापुढे हे निवेदन गेले त्याच्या चौकशीच्या कक्षेत निजामाकडून आलेले वऱ्हाडचे जिल्हेही होते. त्यामुळे उंद्रीच्या वाचकास हा कागद अगदीच परक्या इलाख्याचा वाटण्याचे कारण नाही.

या निवेदनाचे पहिले वैशिष्ट्य त्याच्या सहीत आहे. जोतीराव तेथे आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी देतात आणि आपली पेठ नोंदवितात. समाजसुधारक, ग्रंथकार, संस्थापक यांपैकी कोणतेही बिरुद ते लावीत नाहीत. दुसरे असे की, आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासची खेडी एवढ्यापुरता आहे, हे ते आरंभीच सांगून टाकतात. अनुभवाची ही हद्द आखून घेतल्यामुळेच पुढील विधानांना वजन येते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अर्जाची सुरुवात ते गैरसोयीपासून करीत नाहीत, हिशेबापासून करतात. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. त्यातील शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास होतो. तेव्हा लोकल फंडाच्या उत्पन्नातील निम्मा भाग प्राथमिक शिक्षणास राखून ठेवावा, अशी त्यांची स्पष्ट मागणी आहे. शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, प्रशिक्षित शिक्षकास किमान बारा रुपये वेतन असावे, मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, येथपर्यंत ते तपशिलात उतरतात. अर्जदार भीक मागत नाही. आपण भरलेल्या पैशाचा जाब विचारतो. नम्रता आहे, परंतु ती भाषेची आहे, भूमिकेची नाही.

येथे एक अडचणीची गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. आज ज्या जिल्हा परिषदेच्या शाळा टिकाव्यात म्हणून आपण जोतीरावांचे नाव घेतो, तशा स्थानिक संस्थांच्या हाती प्राथमिक शिक्षण देण्यास खुद्द जोतीरावांचा विरोध होता. स्वतः नगरपालिकेचे सदस्य असल्याने तेथील कारभार त्यांनी आतून पाहिला होता, आणि प्राथमिक शिक्षणाची सूत्रे शिक्षण खात्याच्या संचालकाकडे असावीत असे त्यांचे मत होते. जयंतीच्या भाषणांत हा भाग येत नाही. परंतु त्यामुळे निवेदनाचे मोल घटत नाही, उलट वाढते. संस्था कोणाची, यापेक्षा पैसा कोणाचा आणि मूल कोणाचे, हे प्रश्न त्यांनी आधी धरले होते. तत्त्वापेक्षा परिणाम पाहण्याची ही सवय अर्जलेखकाच्या ठायी असावयास हवी.

आता समोरच्या बाजूचे गद्य पाहू. कारण अर्ज हा एकटा वाचता येत नाही. तो ज्या परिपत्रकाचे उत्तर असतो त्याच्यासह वाचावा लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय महाराष्ट्रात झाला. २१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ विकसित करण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागविले. त्या वेळी पुढे आलेली आकडेवारी अशी : अशा शाळा १४,७८३, त्यांतील विद्यार्थी १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळा नमुना म्हणून पुढे ठेवल्या गेल्या. विरोध होऊ लागताच, शाळा बंद करण्याचा हेतू नाही असा खुलासा शासनाकडून करण्यात आला.

परिपत्रकाची भाषा मुलांच्या हिताची होती. कमी पटाच्या शाळेत मुलांना पुरेसे सवंगडी, खेळ आणि सुविधा मिळत नाहीत, हे म्हणणे वरवर पाहता खोडून काढणे कठीण. परंतु वर दिलेल्या आकड्यांचा साधा भागाकार केला म्हणजे दुसरे चित्र दिसू लागते. शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. हे दोन शिक्षक ही चैन नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असावयास हवेत. म्हणजे या शाळांत कायद्याने सांगितलेले किमान तेवढेच होते. हीच मुले एकत्र आणून तीस मुलांस एक शिक्षक या प्रमाणात बसविली, तर सुमारे ६,२०० शिक्षकांत काम भागते. हा हिशेब कागदावरचा आहे, प्रत्यक्षात तो इतका सरळ उतरणार नाही, हे मान्य. परंतु बचत कोठून होणार ते त्यावरून कळते. परिपत्रकाच्या गद्याचे कौशल्य हे की, जो हिशेब जोतीरावांनी अर्जाच्या प्रथमस्थानी ठेवला तोच येथे मागे राहतो, आणि पुढे येतात ते सवंगडी.

त्याहूनही सूक्ष्म फेरफार वीस या आकड्यात झाला आहे. शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्राने २०११ मध्ये जे नियम केले, त्यांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे सांगताना, सहा ते अकरा वयाची किमान वीस मुले उपलब्ध असावीत अशी अट आहे. हा आकडा शाळा कोठे असावी ते ठरविण्यासाठी आला. २०२३ च्या प्रस्तावात तोच आकडा असलेली शाळा कोठे नसावी ते ठरविण्यासाठी वापरला गेला. उंबरठा आत येण्यासाठी असतो, त्याच्यावरून माणसाला बाहेर काढण्याचे काम घेतले. या मुद्द्यावर एखाद्या ग्रामसभेने ठराव केला असता तर त्याचे उत्तर देणे कार्यालयास जड गेले असते. परंतु त्यासाठी नियमाचे पुस्तक गावात असावे लागते.

‘समूह’ या शब्दाचाही असाच प्रवास आहे. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात शाळासंकुलाची कल्पना मांडली ती अशी की, एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय, अनुभवी शिक्षक यांचा लाभ परस्परांना द्यावा. त्यात लहान शाळा उघडी राहणे गृहीत होते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, हे त्याच आयोगाचे म्हणणे. आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणानेही सहा टक्क्यांचा पुनरुच्चार केला आहे. संकुलाची कल्पना घ्यावी आणि तिला पोसणारा आकडा मागे ठेवावा, ही निवड कोणाच्या तरी हातून होते. आपोआप होत नाही.

शासकीय गद्यापुढे ग्रामीण अर्जाची गत काय होते, ते भाषेच्या अंगाने पाहिले पाहिजे. ग्रामसभा बोलत असते वऱ्हाडीत. पावसाळ्यात नाला भरला असता चवथीतली पोरगी दुसऱ्या गावच्या शाळेत कशी जाईन, असे एखादी आई म्हणेल. वऱ्हाडीत ‘ती जाईन’ हे तृतीय पुरुषी रूप आहे, आणि परगावच्या श्रोत्यास ते प्रथम पुरुषी वाटून क्षणभर असा भास होतो की, आई आपल्या स्वतःच्याच जाण्याविषयी बोलत आहे. भास खोटा असला तरी त्यातले सत्य खोटे नाही, कारण मुलीस पोहोचवावयास बहुधा तीच जाणार आणि तिचा दिवसाचा रोज बुडणार. हे वाक्य ठरावाच्या पुस्तकात उतरते तेव्हा त्याचे रूप होते : विद्यार्थ्यांची गैरसोय होण्याची शक्यता नाकारता येत नाही. नाला गेला, पावसाळा गेला, चवथी गेली, आई गेली. उरली ती गैरसोय. आणि गैरसोयीवर शासनाकडे तयार उत्तर असते, ते म्हणजे वाहतूक भत्ता. अर्ज लिहिणाऱ्या हाताने प्रतिष्ठित भाषेच्या मोहाने आपलाच पुरावा नष्ट केलेला असतो. हा दोष केवळ लेखनिकाचा म्हणता येणार नाही. शाळेत निबंधलेखन शिकविणाऱ्या आपणा सर्वांचा त्यात वाटा आहे.

या साच्यास छेद देणारी एक कृती ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात घडली. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी ही भाम धरणामुळे विस्थापित झालेल्यांची वस्ती. तेथील शाळा बंद होण्याच्या प्रश्नावर मुले आणि पालक बकऱ्या घेऊन शिक्षणाच्या कारभाऱ्यांच्या दारी गेले. मागणी चार शब्दांची होती : दप्तर घ्या, बकऱ्या द्या. वृत्तपत्रांनी ‘अनोखे आंदोलन’ असा मथळा देऊन तिची बोळवण केली. समीक्षकाने मात्र येथे थांबावयास हवे. कारण या चार शब्दांत ‘अन्यथा’ नाही. परिणामांची धमकी नाही. उलट शासनाच्या निर्णयाचा जो परिणाम होणार आहे तोच मागणी म्हणून पुढे केला आहे. शाळा नाही म्हणजे मूल गुरांमागे जाणार, मग निदान गुरे तरी द्या. अर्जदाराने कार्यालयाचे तर्कशास्त्र मान्य केले आणि ते टोकापर्यंत नेऊन कार्यालयाच्याच टेबलावर ठेवले. व्याजोक्तीचे हे उदाहरण कोणत्याही अलंकारग्रंथात शोभेल.

परंतु मला या चार शब्दांचे अधिक महत्त्व वाटते ते एका कादंबरीमुळे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. औंध संस्थानातील धनगरांच्या एका लहानशा वाडीत एकशिक्षकी शाळेवर आलेला तरुण मास्तर हा तिचा निवेदक. तो येतो तेव्हा शाळा आहे, पण मुले नाहीत. ती मेंढरांमागे रानात आहेत. मास्तरचे पहिले काम मुले मेंढरांपासून सोडवून शाळेत आणण्याचे, आणि ते तो दमाने, गावच्या कारभाऱ्यांचा विश्वास मिळवीत करतो. पुढे गाव अंगमेहनतीने तालीम उभी करते. राजेसाहेबांच्या हस्ते तिचे उद्घाटन होते. आणि अखेरीस दुष्काळात माणसे वाडी सोडून जातात. या कादंबरीवर आपल्याकडे प्रादेशिकता, निवेदनशैली, माणदेशाचे चित्रण या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले आहे. बनगरवाडीची शाळा २०२३ च्या मोजपट्टीवर टिकली असती काय, असा प्रश्न मात्र विचारण्याची वेळ आपणांवर आली नव्हती. आज तो विचारला की कादंबरीचा एक वेगळा भाग उजळतो. संस्थान छोटे, तिजोरी लहान, वाडी नगण्य, मुले रानात. तरीही तेथे मास्तर पाठविला जातो. पट नाही म्हणून शाळा नको, असा विचार कथेत कोणाच्या मनातही येत नाही. पट आणणे हेच मास्तरचे काम आहे. पट ही शाळेची पूर्वअट नसून शाळेचे फळ आहे, ही धारणा माडगूळकरांनी कोठे मांडलेली नाही. ती कादंबरीच्या जमिनीतच आहे.

दरेवाडीची मुले त्याच वाटेने उलट चालत आली. बनगरवाडीत मास्तर मुलास मेंढरांकडून दप्तराकडे नेतो. येथे मूल स्वतः दप्तर परत करून बकरी मागते. दरेवाडीच्या पालकांनी ‘बनगरवाडी’ वाचली होती की नाही, याला महत्त्व नाही. दोन्हींच्या मागे एकच जीवनानुभव आहे, आणि त्यातील नाट्य त्यांना ठाऊक होते, कारण त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात शाळेत जाणारी ही पहिली वा दुसरीच पिढी असणार.

येथपर्यंतचे विवेचन गावाच्या बाजूचे झाले. दुसरी बाजू मांडल्याशिवाय ते प्रामाणिक ठरणार नाही. चार वर्गांत मिळून सहा मुले असलेली शाळा हे काही सुखाचे दृश्य नव्हे. आणि पट घटतो तो नेहमी वस्ती घटल्यामुळेच घटतो असे नाही. उंद्रीसारख्या सडकेवरच्या टापूत इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्या सकाळी गावोगाव फिरतात. ज्याची ऐपत आहे तो आपले मूल त्या गाडीत बसवितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात शेतमजुरांची मुले आणि मुली. अनेकदा निवेदनावर पहिली सही ज्याची असते त्याचे मूल त्या शाळेत नसते. म्हणजे शाळेचा पट शासनाने कमी करण्यापूर्वी गावाने कमी केलेला असतो. ही गोष्ट अर्जात कधीच येत नाही, आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्यास ती पक्की ठाऊक असते. म्हणूनच अर्जाचे शब्द त्याच्यावर परिणाम करीत नाहीत. मला तर असे वाटते की, ज्या अर्जात गावाने प्रथम आपला हा दोष नोंदविला आहे आणि मग मागणी केली आहे, असा एक जरी अर्ज मिळाला तरी त्याचे मोल मोठे होईल. शाळेत मूल असलेल्या पालकांच्या सह्या वर आणि पुढाऱ्यांच्या खाली, एवढा बदलही कागदाचे रूप पालटून टाकील.

हे केवळ नीतीचे बोलणे नव्हे. कायद्यात त्यास जागा आहे. २००९ च्या कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेस व्यवस्थापन समिती दिली, तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकंदर सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम समितीकडे सोपविले, आणि तो आराखडा शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार मानला. म्हणजे अर्जाहून श्रेष्ठ असा एक कागद पालकांच्या हाती आहे. अर्जास उत्तर देणे न देणे हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न होऊन बसतो. आराखडा हा नियोजनाचा आरंभ असतो. व्यवहारात तो आराखडा मुख्याध्यापक छापील नमुन्यात भरतात आणि पालक अंगठा वा सही करतात. आंदोलनाच्या दिवशी रस्त्यावर उतरणारी आई समितीच्या सभेत बोललेली नसते. येथे मला नागरिकांच्या कृतीची खरी दुर्बलता दिसते. ती शौर्यात कमी पडत नाही, लेखनात कमी पडते. शाळा वर्षभर कागदावर क्षीण होत असते आणि गावाला जाग येते ती कुलपाच्या वेळी.

शिक्षकांच्या आंदोलनाचा उल्लेख या संदर्भात थोडक्यात करावयास हवा. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेसंबंधीचा आणि ५ सप्टेंबर २०२४ चा कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्यासंबंधीचा, असे दोन शासननिर्णय निघाले. (दुसऱ्यासाठी शिक्षकदिनाचा मुहूर्त कोणी साधला, कळत नाही.) त्यांविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यभर जिल्हा परिषदांच्या शिक्षकांनी सामूहिक रजा घेऊन मोर्चे काढले. संघटनेचे बळ त्यात मोठे होते; मागण्यांची भाषा मात्र प्रामुख्याने सेवेच्या अटींची होती, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु पालकांचा अर्ज व शिक्षकांचे निवेदन हे दोन कागद अजून एकमेकांस भेटलेले नाहीत. एकात मूल आहे पण नियम नाही, दुसऱ्यात नियम आहेत पण मूल नाही. जोतीरावांच्या एकाच निवेदनात मूल, शिक्षकाचा पगार, अभ्यासक्रम आणि कराचा पैसा ही चारही एकत्र नांदत होती.

मध्यवर्ती गावाच्या ज्या स्वस्थतेचा आरंभी उल्लेख केला तिच्याकडे आता वळतो. समूह शाळेची योजना लहान गावांची शाळा घेते आणि मोठ्या गावास देते. त्यामुळे लहान गावाचा अर्ज एकाकी पडतो. शेजारच्या मोठ्या गावाची ग्रामसभा त्यास पाठिंब्याचा ठराव देत नाही. उंद्रीसारख्या गावाने आसपासच्या वाड्यांच्या शाळांसाठी ठराव करणे, हे स्वतःच्या लाभाविरुद्ध केलेले लेखन होईल, आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय ठरेल. असे ठराव कोठे झाले असल्यास ते जमविणे हे काम आपल्या विभागाने अंगावर घ्यावे अशी सूचना आहे. काम अवघड नाही, पण तातडीचे आहे. शासकीय अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. ‘अ’ कायम राहते, ‘ड’ वर्षभरात जाते, आणि मधल्यांची मुदत ठरलेली असते. आवक नोंदवहीत अर्जाचा क्रमांक आणि विषय एका ओळीत राहील. अर्ज राहणार नाही. ग्रामपंचायतीचे ठरावपुस्तक त्या मानाने दीर्घायुषी, म्हणून आरंभ तेथून करावा. पदव्युत्तर वर्गातील जे विद्यार्थी चिखली, मेहकर, खामगाव या तालुक्यांतील आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुटीत आपापल्या गावच्या पुस्तकातील २०१७ नंतरचे शाळाविषयक ठराव उतरून आणावेत. आणि ठराव ज्यांच्या तोंडून निघाला त्या बायामाणसांना, सभेत आपण नेमके काय बोललो होतो, ते त्यांच्या बोलीत सांगावयास सांगून शेजारच्या पानावर लिहून घ्यावे.